सभ्य ओरडण्याचं फर्मान

एक होतं रान. तिथे वाघाचं राज्य होतं. तेही रीतसर मतदानानं, कारण मतमोजणीला वाघ स्वतः बसायचा.

रानाची एक जुनी रीत होती. वाघ निघाला की वानर झाडावरून खॅक करायचे, भेकरं भ्यॉक करायची आणि सगळे जीव मुठीत धरून पळायचे. वाघाच्या पोटावर पाय येत होता. शेवटी फर्मान निघालं: "असली अभद्र ओरड बंद. ज्यानं त्यानं सभ्य शब्द योजावा."

मग काय, प्रत्येक जमातीला कंठ फुटला. वाघ दिसला की वानर "जनसंपर्क दौरा" म्हणू लागले. कोल्ह्यांच्या कचेरीत "स्थळपाहणी" रूढ झाली. गिधाडं भाविक, ती "महाप्रसाद" म्हणायची. रानडुकरांना शब्दच सुचेना, त्यांनी टाळ्यांवर भागवलं.

हैराण झाली ती येसू भेकरीण. तिचं पाडस विचारायचं, "आई, दौरा गोड असतो का गं?"

एका दुपारी पाणवठ्यावर रानातली पिल्लं जमली होती. जांभळीवरून वानर ओरडला, "जनसंपर्क दौरा येत आहे हो! शिस्तीत उभे राहा!"

पिल्लं रांगेत उभी राहिली. येसूचं पाडस सर्वांत पुढे. पलीकडचं गवत हललं, तशी काठावरची येसू वानरावर खेकसली,

"अरे, खॅक कर की मेल्या!"

"मावशी, मी झाडावर आहे," वानर म्हणाला. "मला सभ्य बोलणं परवडतं."

फर्मान गेलं खड्ड्यात! येसू बेंबीच्या देठापासून ओरडली, "भ्यॉक!"

पिल्लांनी हा शब्द कधी ऐकला नव्हता, पण त्यांच्या पायांना तो कळला. क्षणात पाणवठा रिकामा झाला. वाघाची झेप चिखलात पडली.

लगेच चौकशी बसली. प्रवक्त्या कोल्ह्यानं विचारलं, "कोणी मेलं?"

"नाही," येसू म्हणाली.

"जखमी?"

"वाघसाहेबांचा गुडघा तेवढा."

"म्हणजे धोका नव्हताच! ही निव्वळ अफवा."

"अहो, मी ओरडले म्हणून तर वाचली ना लेकरं!"

"मग पुरावा द्या, बाई. खाल्लेलं एक तरी पिल्लू दाखवा."

येसूकडे पुरावा नव्हता. तो मिळेपर्यंत तिचं तोंड वेलीनं आवळून बांधायचं ठरलं, आणि पुरावा शोधण्याचं काम वाघानं मोठ्या मनानं स्वतःकडे घेतलं.

तो पाणवठ्याकडे निघाला, तशी जांभळीवरून आरोळी आली, "निष्पक्ष चौकशी येत आहे हो! शिस्तीत उभे राहा!"