साळूने घेतलेला कन्सोल

रानातले प्राणी आपापल्या बिळात बसून एकमेकांशी व्हिडिओ गेम खेळायला नुकतेच शिकले होते, त्या काळातली ही गोष्ट. डोंगराच्या उतारावर एक साळू राहायची. अंगभर काटे, म्हणून तिच्याजवळ कुणी बसत नसे. कुणाला टोचायला नको म्हणून तीही चार हात लांबच राहायची.

एके दिवशी ती घोरपडीच्या दुकानात गेली. घोरपडीने नवाकोरा काळा कन्सोल पुढे ठेवला.

"हा घे. गवतावरचं दवसुद्धा दिसतं यात."

"सशांकडे कोणता आहे, मावशी?"

"तो जुना लाल. चित्र भुरकट, आणि तापतो असा की वर भाकरी भाजावी. शिवाय लालवाल्यांना काळ्यावाल्यांशी खेळता येत नाही."

"मग लालच दे."

"डोळे तपासून घे बाई," असं म्हणत घोरपडीने लाल कन्सोल बांधून दिला.

संध्याकाळी साळूने तो सुरू केला. पडद्यावर सशांची टोळी होडीत चढत होती. साळूची बाहुली काठावर आली आणि सवयीने चार हात लांब थांबली.

"कोण गं तू?" एका सशाचा आवाज आला.

"मी उतारावरची साळू."

"मग तिकडे काय उभी? होडी सुटेल. ये, माझ्या शेजारी बस."

साळूने आपल्या रिकाम्या बिळात अंग चोरून घेतलं. मग हळूच बटण दाबलं, आणि तिची बाहुली सशाला अगदी खेटून बसली.