हॉलतिकिटावरचं वय

निमगावकर सरांना तयार कोडचं नाव काढलेलं खपत नसे. पॉलिटेक्निकची हॉलतिकिटं छापणारा प्रोग्रामही त्यांनी ओळ न् ओळ स्वतः लिहिलेला. प्रॅक्टिकलला पहिल्या वर्षाच्या यामिनी घुलेने तारखांच्या हिशेबासाठी दुसऱ्याने लिहिलेली तयार कोड-लायब्ररी वापरलेली दिसली, तसे ते कडाडले, “आयतं वापरतेस? नापास.”

यामिनीने आपलं हॉलतिकीट पुढे सरकवलं. “सर, माझा जन्म एकोणतीस फेब्रुवारीचा. तुमच्या प्रोग्रामने चार वर्षांतून एकच वाढदिवस मोजलाय. वय बघा.”

सरांनी पाहिलं आणि ते चरकले. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चार. अख्ख्या कॉलेजात वाटली होती ही हॉलतिकिटं.

“चार वर्षांच्या पोरीला,” यामिनी शांतपणे म्हणाली, “आयतं ताट वाढतात सर, की आधी स्वयंपाक कर म्हणतात?”