डब्यात बसलेला कुंचला

होड्यांना इंजिनं नव्हती आणि अवजारांना तोंडं होती, तेव्हाची ही गोष्ट. खाडीकाठी सावरी नावाची होडी रंगाची वाट पाहत पडून होती. नारळी पौर्णिमा शुक्रवारी होती. डेकच्या फळ्या उघड्या पडल्या होत्या. तशीच समुद्रात गेली, तर फळ्या पाणी पिऊन कुजणार. पण रंगाला हवा कधी चांगली, हे कुंचल्यानेच सांगायचं, असा तिथला रिवाज होता.

सोमवारी कुंचला डब्यातूनच म्हणाला, "आज दमट आहे गं, रंग धरणार नाही." मंगळवारी ऊन पडलं. "वारा केवढा! सगळी वाळू चिकटेल." बुधवारी वाराही पडला. "ऊन फार कडक. रंगाला फोड येतील."

पलीकडच्या होड्या तर रंगून वाळतही होत्या. सावरीच्या मनात पाल चुकचुकली. डब्यात डोकं खुपसून बसलेल्याला आभाळ दिसतं तरी कसं?

गुरुवारी कोवळं ऊन होतं, वाऱ्याचा पत्ता नव्हता. "आजची हवा काही खरी नाही," डब्यातून आवाज आला. सावरीने शेजारच्या नांगराला खूण केली. त्याने डबा कलंडवला.

कुंचला घरंगळत बाहेर आला. त्याचे केस गेल्या वर्षीच्या रंगात दगडासारखे घट्ट झाले होते. काम संपल्यावर ते धुवायचेच राहिले होते.

"सोमवारी बोलला असतास, तर घासलेटात भिजून आज मऊ झाला असतास!" सावरी कडाडली.

"सांगणारच होतो गं," कुंचला पुटपुटला. "तू रागावणार नाहीस, असा एखादा दिवस बघत होतो."