थांबायचे विसरलेली अळी

एका जंगलात, हिरड्याच्या ढोलीत, सातेरी मधमाश्यांचे एक पोळे होते. त्यात एक दाईमाशी राहत असे. अळ्यांना भरवणे हे तिचे काम. बाळांनो, अळीला बोलता येत नाही. भूक लागली की ती एक वास सोडते, तो वास आला की दाई भरवते, आणि अळी पुरेशी वाढली की वास बंद होतो. वास खरा की खोटा हे विचारायची त्या पोळ्यात रीतच नव्हती, आणि आजवर त्यावाचून कुणाचे अडलेही नव्हते.

एका वर्षी मात्र एका अळीचा वास थांबेना. पोट भरले तरी ती मागतच राहिली. दाईने भरवले. घर अपुरे पडले तेव्हा मेण आणून ते रुंद केले, शिवाय मधाच्या साठ्यापासून तिच्यापर्यंत सरळ वाट काढून दिली. तो वास घेऊन शेजारच्या दोन अळ्याही तशाच मागू लागल्या. दाईला तर त्यांचे फारच कौतुक वाटले.

पोळे झाडणाऱ्या म्हाताऱ्या माशीच्या पायाला एक दिवस तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा फुगवटा लागला. तिने दाईला बाजूला घेतले. "हे कुरतडून टाकू या. आत्ता तीन घरं जातील, बाकीचं पोळं राहील."

"आपलंच लेकरू आहे ते, बाहेरून आलेलं नाही," दाई म्हणाली. "दुखत नाही, खुपत नाही. राणीच्या कानावर घालू नकोस, उगाच चर्चा होते."

म्हातारी चिडली. पण भरवण्याच्या कामात झाडणारीने तोंड घालायचे नसते, म्हणून ती गप्प बसली. मला या गप्प बसण्याचाच जास्त राग येतो.

फुलांचा हंगाम सरला. फुगवटा लिंबाएवढा झाला. सगळा मध तिकडेच जात राहिला आणि बाकीच्या अळ्या भुकेने वाळल्या. तेव्हा कुठे म्हातारीने राणीला सांगितले. राणीने सगळ्यांना तो फुगवटा कुरतडायला लावले, पण तोवर तो वास ढोलीच्या कानाकोपऱ्यांत पोहोचला होता. एक जागा साफ केली की दुसरीकडे फुगवटा दिसे. शेवटी राणी उपाशी मेली. मध संपल्यावर ती अळीही मेली. एवढी वाढली, पण तिला पंख काही फुटले नाहीत.

रिकाम्या ढोलीत दाई म्हणाली, "मला वाटलं, वाढतंय म्हणजे चांगलंच चाललंय."

"मला माहीत होतं," म्हातारी म्हणाली, "आणि मी झाडत बसले."

तात्पर्य : बाईच्या छातीतल्या पेशींनाही वाढीचे निरोप येत असतात, ते थांबेनासे झाले की गाठ धरते. दुखत नाही म्हणून ती लपवू नये, आणि जिला कळले तिने गप्प बसू नये.