आचार्यांची दाढी आणि इराणी न्हावी

एका बंदरगावी एकदा एक वृद्ध आचार्य फारसी शिकवीत असत. त्यांचा एक शिष्य होता, बुद्धीने तल्लख आणि बोलण्यात महाकंजूष. फारसीचे व्याकरण त्याला मुखोद्गत होते. पण वाक्य मनात पूर्ण निर्दोष झाल्याखेरीज तो ते ओठांबाहेर काढत नसे, आणि तसे ते कधीच होत नसे. आपल्यापैकी अनेकांची वाक्ये अशीच मनातल्या मनात म्हातारी होतात.

एके सकाळी घोड्यांचा एक व्यापारी आचार्यांकडे आला. दुसऱ्या दिवशी तो गलबताने इराणला निघणार होता आणि त्याला दुभाष्या हवा होता. शिष्याचे काळीज आनंदाने धडधडू लागले. याच प्रवासासाठी तर त्याने फारसी शिकायला घेतली होती! आचार्यांनी मात्र होकारही दिला नाही, नकारही नाही. सायंकाळी धक्क्यावर येऊन सांगतो, असे म्हणून त्यांनी व्यापाऱ्याला वाटेला लावले आणि शिष्याकडे वळून म्हणाले, "चल, मला केस कापायचे आहेत."

शिष्य चक्रावला. बंदरावर खलाशांचे केस कापणारा एक इराणी न्हावी होता. त्याला फारसीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. आचार्य त्याच्यापुढे बसले आणि छातीवर रुळणारी आपली शुभ्र दाढी सावरून म्हणाले, "केस थोडे आखूड करायचे. दाढीला हात लावायचा नाही. मी आता बोलणार नाही. तूच त्याला सांग." मग त्यांनी खुशाल डोळे मिटून घेतले.

त्या दाढीचा साऱ्या गावाला अभिमान होता. केस म्हणजे 'मू', दाढी म्हणजे 'रीश', आखूड करा म्हणजे 'कोताह कुनीद'; शब्द सगळे शिष्याच्या हाताशी होते. पण आधी केसांचे सांगावे की दाढीचे? न्हाव्याला नुसते 'कुन' म्हणावे की आदराने 'कुनीद'? न्हाव्याने पुन्हा पुन्हा विचारले, कसे कापू. शिष्य वाक्य जुळवीत राहिला. या न्हाव्याची रीत अशी, की गिऱ्हाईक गप्प राहिले म्हणजे डोके आपल्या मर्जीवर सोपवले, असे तो समजे. तो खूश झाला आणि त्याची कात्री चालू लागली.

डोक्यावरचे केस भराभर उतरले. शिष्याचे वाक्य अजून अर्ध्यातच होते. तेवढ्यात न्हाव्याने दाढीला हात घातला, कात्री वाजली आणि दाढीची एक बाजू आचार्यांच्या मांडीवर येऊन पडली.

"रीश ना! दस्त ना! बस, बस!" शिष्य ओरडला.

दाढी नको, हात नको, पुरे. वाक्याला क्रियापदाचा पत्ता नव्हता, तरी कात्री जागच्या जागी थांबली. शिष्याला स्वतःचेच नवल वाटले. मग तो थांबेचना. आता दोन्ही बाजू निदान सारख्या तरी करा, कानामागे जरा जपून, मानेवर वस्तरा हळू. चुकत, अडखळत, हातवारे करीत तो बोलत सुटला. न्हावी हसत उत्तरे देऊ लागला आणि ती त्याला चक्क कळू लागली. त्या आनंदाच्या भरात त्याने आचार्यांच्या मिशांबद्दलही कोणी न मागितलेला सल्ला देऊन टाकला.

परतताना मात्र आचार्यांची आखूड दाढी पाहून त्याचे डोळे भरून आले. त्याने क्षमा मागितली.

आचार्य म्हणाले, "दाढी पुन्हा वाढेल. तुला फारसी येत नव्हती असे नाही. चुकलो तर आपले हसे होईल, या भीतीने तू गप्प होतास. माझ्या दाढीवर बेतले तेव्हा ती भीती विसरलास. दुभाष्याच्या भरवशावर नेहमी दुसराच कोणी कात्रीखाली बसलेला असतो, बाळ. त्या वेळी आपले वाक्य सजवीत बसायचे नसते."

सायंकाळी धक्क्यावर व्यापाऱ्याने आचार्यांना आधी ओळखलेच नाही. ओळखल्यावर त्याने घाईघाईने विचारले, दुभाष्या मिळाला का?

आचार्यांनी सकाळसारखेच डोळे मिटून घेतले.

"मिळाला," शिष्य पुढे होऊन म्हणाला. "चुकतो थोडा, पण आता वेळेवर बोलतो."