तरसशेठच्या दोन याद्या

एक जंगल होतं. तिथे निवडणुका वेळेवर होत आणि केळी वेळेआधी पिकत. “कच्चं केळं मागच्या राजवटीचं, पिकलं केळं आपल्या हक्काचं!” या घोषणेवर गेंडा राजा म्हणून निवडून आला होता. कातडी जाड दिसली, तेव्हा बाकीचे गुण कुणी तपासले नाहीत.

केळी पिकवायला कार्बाइड लागे; त्याला पाणी लागलं, की भडका उडवणारा वायू सुटे. ते तरसशेठच्या गोदामात पोत्यांनी भरलेलं होतं. गोदामाचा विमा भक्कम होता आणि त्याच्या अटींत लिहिलं होतं, की मालकानं धोकादायक मालाची यादी अग्निशमन दलाला द्यावी.

दलाची प्रमुख होती भागीरथी हत्तीण. हाताखाली तीन हत्ती आणि सख्खी बहीण हौसा. शेठची यादी तिनं तीनदा वाचली. ‘पूजेचं साहित्य व गवत.’ गोदामाला तर लसणासारखा उग्र वास येत होता. ती तडक शेठकडे गेली.

“शेठ, आत पाणी मारायचं की वाळू टाकायची, एवढंच मला कळू द्या. माझी बहीण सगळ्यांच्या पुढे असते.”

“बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता,” शेठ हसला. तरसच तो, हसणारच. “आग लागेल असं अभद्र कशाला बोलायचं?”

मग ती विमा कचेरीत कासवाकडे गेली.

“आमच्याकडची यादी एकदम खरी आहे हो! पोतं न् पोतं लिहिलंय,” कासव अभिमानानं म्हणालं. “पण गोपनीय आहे.” आणि त्यानं मान आत घेतली.

शेवटी तिनं राजाकडे तक्रार केली. राजानं सभाच घेतली.

“बंधूंनो, जो गोदामावर संशय घेतो, तो केळ्यावर संशय घेतो! आणि जो केळ्यावर संशय घेतो, तो जंगलाचा कोण?”

“शत्रू!” माकडं ओरडली. त्यांच्या तोंडात केळी होती.

दुसऱ्याच दिवशी फर्मान निघालं, की दलानं मालकाच्या यादीवर पूर्ण विश्वास ठेवावा आणि यादीबाहेर वागू नये.

आठवड्यानं भरदुपारी गोदाम पेटलं. शेजारीच सशांची वस्ती होती. भागीरथीनं वाळू मागितली. भांडारावरचा माकड कारकून म्हणाला, “यादीत गवत आहे. गवताला पाणी.” तोवर सशांची पिल्लं किंचाळायला लागली होती. हौसा थांबली नाही. तिनं सोंडभर पाणी आत मारलं आणि गोदाम उडालं.

हौसा वाचली, सोंड गेली. भागीरथी तिला रोज आपल्या सोंडेनं घास भरवायची, आणि भरवताना रडायची. पाणी मारायचा हुकूम आपलाच होता, असं तिला वाटत राही. तो हुकूम तिनं दिलाच नव्हता.

शेठला भरपाई पूर्ण मिळाली. अटीत ‘यादी द्यावी’ एवढंच होतं, खरी द्यावी असं नव्हतं.

राजानं चौकशी समिती नेमली. समितीनं गुन्हा हत्तींवर नोंदवला, कारण आग लागली तेव्हा घटनास्थळी हजर असलेले तेवढेच सापडले.