उपरण्याच्या गाठी

फार पूर्वी प्रतिष्ठान नगरात एक न्यायी राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वांनी एका सार्थवाहाच्या कुळात जन्म घेतला होता. बैलांचे तांडे घेऊन ते घाट उतरत आणि समुद्राकाठच्या बंदरात व्यापार करीत.

त्याच नगरात रोहक नावाचा तरुण राहत होता. वडील वारले आणि त्यांचा तांडा त्याच्याकडे आला. गावच्या विणकरांनी वर्षभर विणलेलं कापड त्याच्या हवाली केलं. वारा फिरायच्या आत ते बंदरात पोचलं नाही तर तारवं निघून जाणार, आणि मग रोहकाच्या हाती पुन्हा कोणी सुताचा धागासुद्धा देणार नव्हतं.

त्या व्यापाऱ्यांची एक रीत होती. पहिल्यांदा तांडा नेणाऱ्यानं नगरातल्या यशस्वी माणसांच्या दारी जायचं, यशाचं मर्म विचारायचं आणि मिळेल त्या उपदेशाची उपरण्याला गाठ मारायची. रीत चांगलीच. पण रोहक पडला हौशी. एक दार म्हणून सोडलं नाही पठ्ठ्यानं!

धान्याचे मोठे व्यापारी म्हणाले, "थांबला तो संपला. चालत राहायचं." रोहकानं गाठ मारली. म्हातारे सेनापती म्हणाले, "घाई केली की घात झालाच म्हणून समज. सबुरीनं घे." गाठ. व्यापारी संघाचे प्रमुख म्हणाले, "चार जणांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नकोस." गाठ. राजाचे कोषाध्यक्ष म्हणाले, "मी जन्मात कोणाचं ऐकलं नाही, म्हणून तर इथवर आलो." इथे रोहक जरा घुटमळला. पण एवढा मोठा माणूस खोटं कशाला बोलेल? त्याचीही गाठ मारली.

शेवटी तो बोधिसत्त्वांकडे आला. ते बैलांना पेंड चारीत होते.

"काका, तुम्हाला एवढं यश कशानं मिळालं?"

"आता कामात आहे रे. मीही निघतोच आहे. वाटेत भेटू."

हा उपदेश म्हणायचा की नुसता निरोप, हे काही रोहकाला उमगेना. असू दे, म्हणून त्यानं त्याचीही गाठ मारून टाकली.

तांडा निघाला आणि घाटाच्या तोंडाशी आला. तिथे पुढचा बैल कवड्या एकाएकी थांबला. काही केल्या हलेना. रोहकानं उपरणं चाचपलं. ही गाठ चालत राहण्याची की सबुरीची? मेल्या सगळ्या गाठी सारख्याच! आधी त्यानं कवड्याला ओढून पाहिलं. मग सबुरी म्हणून नुसता उभा राहिला. मग तांड्यातल्या चार अनुभवी बैल हाकणाऱ्यांना विचारलं, तर चार तोंडांची पाच मतं निघाली. मग कोणाचंच ऐकायचं नाही असं ठरवलं, पण स्वतःचं काय ऐकायचं तेही सुचेना. उन्हं कलू लागली. डोकं धरून तो दगडावर बसला.

धान्याच्या व्यापाऱ्यांचा तांडा मागून आला आणि शेजारच्या आडवाटेनं निघूनही गेला. ते आपल्या उपदेशाला जागले म्हणायचे.

त्यांच्यामागून बोधिसत्त्वांचा तांडा आला. त्यांची माणसं म्हणाली, "धनी, आपणही आडवाट धरू. बंदरात पहिला पोचेल त्याला सांगेल तो भाव मिळतो." बोधिसत्त्वांनी रोहकाकडे पाहिलं आणि तांडा थांबवला.

"काका, तुमची गाठ कोणती तेच विसरलो हो! सांगा, थांबू की चालू?"

"मला काय ठाऊक? बैलाला विचारलंस का?"

रोहक आणखीच गोंधळला. बोधिसत्त्वांनी त्याला हाताला धरून कवड्याच्या पुढच्या पायाशी बसवलं. खुराच्या बेचक्यात दगडाची कपची रुतली होती आणि रक्त येत होतं.

"अरेरे! किती वेळ सोसत असेल हा, आणि मी गाठी चाचपत बसलो!" रोहकाला रडूच फुटलं.

बोधिसत्त्वांनी हलक्या हातानं कपची काढली. "बांधायला फडकं दे."

रोहकाजवळ उपरणंच होतं. पण गाठींनी ते इतकं आखडलं होतं की खुराभोवती वेढासुद्धा बसेना.

"काका, ह्या सोडल्या तर माझ्याजवळ उरेल काय?"

"फडकं उरेल."

रोहकानं दातांनी एकेक गाठ सोडली आणि कवड्याचा पाय बांधला. बोधिसत्त्वांनी कवड्याचं ओझं आपल्या बैलांवर वाटून घेतलं, आपला घंटेचा बैल पुढे घातला आणि दोन्ही तांडे एकत्र, सावकाश उतरवले. पहिला भाव हातचा गेला. माणसं कुरकुरली. तारवं अजून बंदरात होती. विणकरांचं सगळं कापड चढलं.

"काका, आता तरी तुमचा उपदेश सांगा," रोहक म्हणाला.

"कवड्याची पट्टी बदललीस का?"

रोहक उठला आणि पट्टी बदलायला गेला.

पुढे रोहकाचं मोठं नाव झालं. एकदा एक तरुण गाठींनी भरलेलं उपरणं घेऊन त्याच्या दारी आला आणि यशाचं मर्म विचारू लागला. रोहकानं पुष्कळ विचार केला. मग म्हणाला, "उपरणं जरा लांब घे, बाबा." तरुणाला काही कळलं नाही. त्यानं त्याचीही गाठ मारली आणि गेला.

एवढी गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा रोहक म्हणजे हा नवा भिक्षू. आज तो प्रत्येक ज्येष्ठ स्थविराला मुक्तीची युक्ती विचारीत फिरतो आहे. शेजारी तापानं फणफणलेला त्याचा सोबती, तो कवड्या. आणि तो सार्थवाह मीच होतो. करुणेनं समोर पाहते तीच प्रज्ञा, आणि मी त्या जन्मी तिचीच साधना केली."

नवा भिक्षू काही विचारायला तोंड उघडणार होता. पण तो थांबला, उठला आणि सोबत्यासाठी पाणी आणायला गेला.